परदेशी जोडीदाराला घेऊन ऐरोलीत राहायला येताय? आधी एवढं करून ठेवा

2019च्या ऑगस्टमध्ये आम्ही नेदरलँड्सहून ऐरोलीला राहायला आलो. मी मूळची ठाण्याची, नौपाड्यातली. नवरा डच, महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत तीन वर्षांच्या कामावर आलेला. मला वाटत होतं, मी घरी चाललेय आणि तो परक्या मुलखात. महिन्याभरात चित्र फिरलं. बारा वर्षांपूर्वीचं ठाणं डोक्यात घेऊन मी जिथे तिथे हुशारी करत होते आणि फसत होते; त्याला काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो प्रत्येक गोष्ट विचारून घेत होता. सात महिन्यांनी लॉकडाउन लागला, तेव्हा त्याने विचारून ठेवलेलं उपयोगी पडलं आणि मी 'बघू नंतर' म्हणून सोडलेलं सगळं अंगाशी आलं.

त्यामुळे पुढच्या पायऱ्या दोन्ही काळांतून आल्या आहेत: आधीचे सात महिने, आणि नंतर दारं बंद झाली ते दिवस. एक धागा सगळीकडे सापडेल. इथे प्रत्येक कामाच्या दोन वाटा असतात. एक मोबाइलवरच्या ओटीपीची, दुसरी तोंडओळखीची. दोन्ही आधीच पाडून ठेवा.

पायरी 1: आपण नक्की कोणाच्या हद्दीत आहोत ते समजून घ्या

घर बघायच्या आधी हे करा. ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते, पण महापालिका नवी मुंबईची आणि पोलीस आयुक्तालयही नवी मुंबईचं. दिघा ओलांडून विटाव्याला लागलात की ठाणे महापालिका आणि ठाणे पोलीस. खाडीवरचा पूल ओलांडला की मुलुंड, म्हणजे मुंबई. खारघरला घर घेणाऱ्यांची तर गंमतच आहे: जिल्हा रायगड, 2016पासून पालिका पनवेलची, पोलीस मात्र नवी मुंबईचे. सगळ्यांच्या पत्त्यात शेवटी 'नवी मुंबई' असतं, म्हणून नवा माणूस हमखास चुकतो.

एरवी याने काही बिघडत नाही. पण 2020च्या जुलैमध्ये ठाणे महापालिकेने 2 तारखेपासून पुन्हा कडक लॉकडाउन लावला, नवी मुंबईने त्यानंतर दोन दिवसांत आपला लावला, आणि दोन्ही 19 जुलैपर्यंत लांबले. माझी आई नौपाड्यात, मी ऐरोलीत. एरवी ट्रेनने जाऊन चहा घेऊन परत येण्याइतकं अंतर. त्या दिवसांत मात्र मध्ये दोन पालिकांचे दोन वेगळे आदेश आणि विटाव्याला नाकाबंदी. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोक ठाण्याचा आदेश नवी मुंबईचा म्हणून फिरवत होते. दूध किती ते किती मिळणार, यावरून दोन दिवस भांडण झालं, आणि दोघेही आपापल्या पालिकेपुरते बरोबर होते.

तेव्हा कागदावर चार ओळी लिहा: आपली पालिका, आपला प्रभाग, आपलं पोलीस ठाणं, आपला जिल्हा. आईवडील दुसऱ्या हद्दीत राहत असतील तर त्यांच्याही चार ओळी खाली लिहा.

पायरी 2: परदेशी पासपोर्टचे कागद. इथे आळस करू नका

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला आल्यापासून 14 दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. ती ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर ऑनलाइन होते. शिवाय, परदेशी माणूस ज्याच्या घरात राहायला येतो त्या घरमालकाने 24 तासांच्या आत तशी माहिती द्यायची असते. आम्ही आलो तेव्हा त्याला 'फॉर्म सी' म्हणत. नियमांची आणि फॉर्मची नावं मधूनमधून बदलतात, त्यामुळे निघायच्या आधी साइट एकदा बघून घ्या.

फॉर्म सी म्हटल्यावर आमच्या घरमालकांचा चेहरा उतरला. 'पोलिसांचं लफडं' नको म्हणाले. त्यांची चूक नाही. कोणी नीट समजावलेलंच नसतं. मी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेले, त्यांच्या सोफ्यावर बसून त्यांचं खातं उघडून दिलं, फॉर्म भरला, छापील प्रत त्यांच्या हातात दिली. अर्धा तास लागला. ज्यांना घर द्यायचं आहे त्यांना हे काम आपण करून देऊ असं आधीच सांगा. अर्धे नकार तिथेच गळतात.

आता माझी चूक सांगते. भाड्याचा करार इथे 'लीव्ह अँड लायसन्स' नावाने होतो आणि महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो, मुदत कितीही असो. आधार असेल तर एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो आणि तासाभरात काम होतं. नवऱ्याकडे आधार नव्हतं, म्हणजे त्याच्यासाठी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत खेप. एजंट म्हणाला, "मॅडम, कशाला त्रास? करार तुमच्या एकटीच्या नावावर करू, साहेब फॅमिली मेंबर." मी हो म्हटलं. आणि मुदत? सगळे 11 महिने करतात, आपणही 11 महिने.

हिशेब करा. ऑगस्टमध्ये केलेला 11 महिन्यांचा करार जुलैमध्ये संपतो. म्हणजे 2020च्या त्याच जुलैमध्ये. आणि नवऱ्याचा व्हिसा ऑगस्टमध्ये. व्हिसाची मुदत वाढवायला राहण्याचा पुरावा हवा, तो त्याच्या नावावर नाही, आणि माझ्या नावावरचाही आता संपलेला. मग लग्नाचा दाखला, घरमालकांचं पत्र, प्रतिज्ञापत्र, खुलासा, पुन्हा खुलासा. मुखपट्टी लावून उघडा नोटरी शोधत मी ऐरोलीच्या सेक्टरांमधून पायी फिरले आहे. तीन आठवडे गेले.

तेव्हा, करार दोघांच्या नावाने करा, एक दिवस कचेरीत जाईना का. मुदत 11 ऐवजी 24 किंवा 33 महिने घ्या. कायद्याची आडकाठी नाही, फक्त सवय 11ची आहे. लग्नाचा दाखला तिकडूनच अपोस्टिल करून, म्हणजे दुसऱ्या देशात चालेल असा सरकारी शिक्का घेऊन, आणा. भारतीय नागरिकाशी लग्न नोंदवून दोन वर्षं झाली असतील तर ओसीआय कार्डासाठी (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी पासपोर्टवरच भारतात येण्या-राहण्याची कायमची परवानगी) अर्ज करता येतो, आणि ते मिळालं की नोंदणीच्या या फेऱ्या संपतात. पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व असा समज करून घेऊ नका. 2020च्या मार्चमध्ये व्हिसा थांबवले, तेव्हा ओसीआयवाल्यांची विनाव्हिसा येण्याची सोयही थांबवली होती. आमच्या ओळखीच्या एक बाई आईला भेटून परत येणार होत्या, त्या तिकडेच अडकल्या.

आधारचंही असंच. परदेशी नागरिक मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिला असेल तर त्याला आधार काढता येतं. नवऱ्याचे 182 दिवस फेब्रुवारीत भरले. 'होळी झाली की जाऊ' असं मी म्हटलं. होळी झाली आणि केंद्रं बंद झाली. शेवटी त्या हिवाळ्यात आधार निघालं, आणि 2021मध्ये लसीच्या नोंदणीला तेच कामी आलं. त्याच्याच कंपनीतल्या एका इटालियनाकडे फक्त पासपोर्ट होता. पासपोर्टवर कोविनमध्ये नोंदणीची सोय झाली 9 ऑगस्ट 2021ला, तोवर तो बिचारा थांबून राहिला.

पायरी 3: तिकडचं सिम चालू ठेवा

छोटी गोष्ट आहे, पण रात्रीची झोप घालवते. तिकडच्या बँकेचे ओटीपी तिकडच्या नंबरवर येतात. प्रीपेड सिम वापरात नसलं की काही महिन्यांनी बंद पडतं. नवऱ्याचं एप्रिलमध्ये पडलं. पैसे होते, दिसत होते, हलत नव्हते. नवं सिम टपालाने यायचं, आणि विमानं बंद. येण्याआधी बँकेत जाऊन ओटीपीची दुसरी व्यवस्था करून घ्या, आणि इथल्या खात्यात तीन महिन्यांचा खर्च कायम ठेवा. घरात थोडी रोख, त्यातही सुट्टे. सुट्ट्यांचं महत्त्व परदेशातून आलेल्याला पटवायला वेळ लागतो.

पायरी 4: गेट

सोसायटीत राहायला आलात की पहिल्या आठवड्यात सेक्रेटरींना जोडीने भेटा. एकटं नको, जोडीने. घरातल्या प्रत्येकाचं नाव सोसायटीच्या यादीत घालून घ्या. आमच्या यादीत करारावरून नाव चढवलेलं, म्हणजे फक्त माझं. एप्रिलमध्ये प्रत्येक घराला बाहेर जायचा एकच पास दिला, आणि बदली वॉचमनने नवऱ्याला गेटवरच अडवलं. "ये फॉरेनर किधर से आया?" तो काळच तसा होता, परदेशी चेहरा दिसला की लोक दोन पावलं मागे सरत.

त्याला सोडवलं आमच्या नेहमीच्या वॉचमनकाकांनी. त्यामागे एक गोष्ट आहे. नवरा मराठी शिकला माझं ऐकून, त्यामुळे तो क्रियापदं बायकी वापरायचा. रोज सकाळी सायकल काढताना काकांना सांगायचा, "काका, मी येते." काका पहिल्या दिवशी इतके हसले की खुर्ची कलंडली. पुढे रोज तेच त्याला विचारायचे, "येते का?" त्या दिवशी ते दुसऱ्या इमारतीच्या ड्युटीवर होते, आवाज ऐकून धावत आले आणि बदली वॉचमनला म्हणाले, "अरे, हा आपला 'येते' आहे, सोड."

जोडीदाराला मराठी शिकवताना एवढं आधी शिकवा: काका, मावशी, दादा, ताई, 'अहो', 'द्या ना', 'किती झाले', 'सुट्टे आहेत'. घरात आपण एकमेकांना अरे-तुरे करतो, त्यामुळे तो बाहेर भाजीवाल्या आजींनाही 'तू' म्हणतो. ते लवकर सुधारा. क्रियापदं चुकली तर चुकू द्या.

पायरी 5: किराणा, दूध, भाजी, मासळी

अॅप वापरा, मीही वापरते. पण आल्या आल्या इमारतीजवळच्या एका वाण्याकडे वही उघडा. महिन्याचं वाणसामान त्याच्याकडून घ्या, महिन्याला पैसे द्या. नवऱ्याला हे अजिबात आवडलं नव्हतं. उधारी हा शब्द त्याला कर्जासारखा वाटायचा. "हातात पैसे असताना उधार का?" मी म्हटलं, ही उधारी नाही, ही हजेरी आहे.

24 मार्चच्या रात्री आठचं भाषण झालं आणि साडेआठला दुकानासमोर रस्त्यापर्यंत रांग. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. घरात श्रीखंड नाही, कडुलिंब नाही, गुढीला गाठी नाही. अॅपवर वेळ घ्यायला गेलं की सगळ्या वेळा भरलेल्या, आणि मग अॅपच चालेना. सकाळी वाण्याचा फोन आला: "ताई, यादी व्हॉट्सअॅप करा. पिशवीवर फ्लॅट नंबर लिहून गेटवर ठेवतो. खाली येऊ नका." वहीतल्या घरांना त्याने एकेक करून फोन केले होते. साखरेची गाठी त्याच्याकडे दोनच उरल्या होत्या. एक त्याने आमच्या पिशवीत टाकली होती, न मागता. गुढी बाल्कनीत उभी राहिली, तांब्या उपडा, कडुलिंबाऐवजी कुंडीतला कढीपत्ता. आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, "चालतंय, पण कोणाला सांगू नकोस."

दुधाचा रतीब लावा. मासळी खात असाल तर दिवा कोळीवाड्यातल्या एका मावशीचा नंबर घेऊन ठेवा. भाजीसाठी हे लक्षात असू द्या की सगळ्या भागाची भाजी वाशीच्या एपीएमसीतून येते. 2020च्या मे महिन्यात तिथे रुग्ण वाढल्यामुळे बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला, आणि दारावरच्या गाडीवर दोनच गोष्टी उरल्या: दुधी आणि लाल भोपळा. कडधान्यं घरात ठेवायची, मोड काढायला शिकायचं. मटकी, मूग, वाल. वाल सोलायला डच माणूस उत्तम, चिकाटी असते.

पावाचं काय झालं ते सांगायलाच हवं. तिकडे दुपारचं जेवण म्हणजे पाव आणि चीज. रोज सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पाववाला यायचा, त्यावर नवऱ्याचं बरं चाललं होतं. मार्चअखेर पाववाला यायचा थांबला. चौथ्या दिवशी नवरा स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. तांदळाचं पीठ होतं. आईने व्हिडिओ कॉलवर उकड काढायला शिकवली: पाण्याला उकळी, मीठ, पीठ, झाकण, मग गरम असतानाच मळायचं. हात भाजले तरी मळायचं. पहिल्या तीन भाकऱ्या तव्यावर जाईपर्यंत फाटल्या. चौथी पलटताना त्याने पाणी लावलेली बाजू वर ठेवली की खाली, यावर दोघांची चर्चा, मोडक्या इंग्रजीत आणि मोडक्या मराठीत. ती फुगली. आई तिकडून ओरडली, "काढ काढ, करपेल!" त्याने ती भाकरी कॅमेऱ्यापुढे धरून ठेवली, बराच वेळ, गार होईपर्यंत. मग वर चीज ठेवून खाल्ली. आईने फोन ठेवला.

आंबे मात्र भरपूर मिळाले. बाजारपेठा विस्कळीत झाल्याने कोकणातले बागायतदार थेट सोसायट्यांना पेट्या पाठवत होते. ऑर्डर एकत्र करायची, पैसे गोळा करायचे, पेट्या वाटायच्या. नवऱ्याने एक्सेलचा तक्ता केला: फ्लॅट, डझन, पैसे, कच्चा की तयार. त्या मोसमात त्याला सोसायटीत नवं नाव पडलं, जावई. सेक्रेटरी अजूनही 'जावयांना विचारा' असंच म्हणतात, पाण्याच्या टाकीच्या बाबतीतसुद्धा.

पायरी 6: कामाच्या मावशी

मावशींचं येणं बंद झालं, तरी पगार बंद करू नका, हे लॉकडाउनपुरतं नाही. आपण महिनाभर तिकडे गेलो तरी द्यायचा. आणि त्यांचा फोन नंबर, त्यांच्या घरातल्या आणखी एकाचा नंबर, पत्ता, सगळं लिहून ठेवा. मावशींच्या फोनचा रिचार्ज संपला तेव्हा मला त्या कुठे राहतात हेच माहीत नव्हतं. 'दिघ्याला' एवढंच. सात महिने घरात येणाऱ्या बाईबद्दल एवढंच. त्यांच्या मुलाचा नंबर वॉचमनकाकांकडे निघाला.

पायरी 7: लोकल आणि सायकल

ऐरोली ट्रान्स-हार्बर मार्गावर आहे. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतरायचं आणि तिथून पुलावरची गर्दी. महाप्याला जायचं तर घणसोली किंवा कोपरखैरणे. परदेशी माणसाला पहिले दोन महिने फर्स्ट क्लासचा पास काढून द्या आणि दारात उभं राहायचं नाही हे बजावा.

22 मार्चच्या रात्रीपासून लोकल थांबल्या. 15 जून 2020ला सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. सगळ्यांसाठी, तेही ठरावीक वेळांत, 1 फेब्रुवारी 2021ला, आणि एप्रिलमध्ये पुन्हा बंद. म्हणून घर कामाच्या ठिकाणापासून सायकलच्या टप्प्यात घ्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एरवी सायकल चालवायचं मी कोणाला सुचवणार नाही, ट्रक अंगावर येतात. आतल्या सेक्टरांतून मात्र चालते. पावसाळ्यात चेन गंजते, तेल घालत राहा.

पायरी 8: मीटरचा फोटो

महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला मीटरचा फोटो काढा. एवढंच. लॉकडाउनमध्ये महावितरणचं रीडिंग थांबलं, एप्रिल-मेची बिलं सरासरीने आली आणि जूनचं बिल बघून लोकांना घाम फुटला. ज्यांच्याकडे फोटो होते त्यांनी आकडे ताडून पाहिले. अॅपवरून रीडिंग स्वतः पाठवता येतं.

पायरी 9: 'जायचं की राहायचं' आधी बोलून ठेवा

आल्या आल्या जोडीदाराचं नाव त्याच्या वकिलातीत नोंदवा. त्यामुळे आम्हाला मेल आली: मायदेशी जाणारं विमान आहे, इतक्या तासांत कळवा. विमानात जागा त्याला होती. माझं काय, हे स्पष्ट नव्हतं. आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत जेवणाच्या टेबलावर बसलो. त्याची आई अॅमस्टरडॅमजवळ एकटी, माझी नौपाड्यात एकटी. असा निर्णय दहा तासांत घ्यायचा नसतो. कोणाच्या आजारपणात कोण जाणार, एकाला जागा मिळाली तर काय, हे शांतपणे, संध्याकाळी चहा घेताना, कधीतरी आधीच बोला. आम्ही राहिलो. बरोबर केलं की नाही यावर आमचं अजूनही एकमत नाही. त्याची आई पुढे भेटली ती पावणेदोन वर्षांनी.

व्हिसाचं म्हणाल तर, फेब्रुवारी 2020पासून मुदत संपत असलेल्या आणि इथे अडकलेल्या परदेशी लोकांना ऑनलाइन अर्जावर विनाशुल्क मुदतवाढ मिळत होती. पण अर्ज करावा लागत होता. आपोआप होईल म्हणून बसलेले नंतर हेलपाटे घालत होते.

पायरी 10: पलीकडच्या हद्दीतले आईवडील

आईची औषधं मी ऐरोलीहून न्यायचे, दर महिन्याला, स्वतः. प्रेमाने. जुलैत तेच नडलं. रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवसांच्या उरल्या आणि मी विटाव्याच्या अलीकडे. तेव्हा आईच्या गल्लीतल्या केमिस्टकडे तिच्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो देऊन ठेवा, पैसे तुमच्या मोबाइलवरून जातील असं ठरवा. शेजारच्या घरात जादा किल्ली. आईच्या डॉक्टरांचा नंबर तुमच्याकडे, तुमच्या जोडीदाराकडे आणि त्या शेजाऱ्यांकडे.

पुढे एकदा मी केमिस्टला फोन केला तेव्हा त्याने नाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं, त्याला लागेना. आईचं सांगितलं. "हां हां, काकू! त्यांच्या गोळ्या परवाच पोचवल्या. तुमचे मिस्टर फोन करतात ना दर महिन्याला? ते 'मी बोलते' वाले?"